वीस मिनिटं पाणी कुठून आणू? (भाजणं, टूथपेस्ट आणि नवीन संशोधन)

कोपरीकरीण
गेल्या रविवारी अळूवड्या तळत होते. कढईचा कान सांडशीतून निसटला आणि तेल डाव्या मनगटापासून कोपराच्या अलीकडेपर्यंत सांडलं. मी किंचाळेपर्यंत सासूबाईंनी अर्धी ट्यूब टूथपेस्ट थापलीसुद्धा. शेजारच्या काकू बटाटा किसून घेऊन आल्या. वरच्या मजल्यावरून निळी शाई आली. (२०२५ साली कोणाकडे शाईची दौत असते, हा वेगळा धागा होईल.)

डॉक्टरांकडे पोचले तर त्यांनी आधी पेस्ट काढली. भाजताना कळवळले नाही एवढी तेव्हा कळवळले. मग म्हणाले, "वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं हात धरला असतात तर निम्मं काम झालं असतं." आमच्या सोसायटीत पाणी सकाळी सव्वासहा ते सात. मी भाजले संध्याकाळी सहाला. वीस मिनिटं वाहतं पाणी कुठून आणू?

दुसरं म्हणजे त्यांनी पांढरं चांदीचं मलम दिलंय. भाचा म्हणतो, ते आता जुनं झालं, परदेशात माशाचं कातडं लावतात. कोणाला खरं काय ते माहीत असेल तर सांगा. सासूबाई अजून पेस्टवर ठाम आहेत.

तलावपाळी_कट्टा
बर्फ लावायचा ना सरळ.

खवचट_वांगं
अळूवड्यांचं काय झालं ते आधी सांगा.

कोपरीकरीण
पहिला घाणा करपला. उरलेल्या सासूबाईंनी तळल्या. मी एका हाताने खाल्ल्या.

जळीत_वॉर्ड_निवृत्त
बर्फ अजिबात नको. मी बर्न्स वॉर्डात २२ वर्षं परिचारिका होते, आता ऐरोलीत घरी असते. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच अर्धमेल्या झालेल्या कातडीचं रक्त तुटतं. बर्फाने आणखी खोल झालेल्या जखमा मी पाहिल्या आहेत.

पाण्याचं का, ते सांगते. उकळतं तेल पुसलं तरी त्याची धग कातडीत खाली उतरत राहते. मधोमध जो भाग मेला तो मेला. त्याच्याभोवती एक पट्टा असतो, धड जिवंत नाही, धड मेलेला नाही. पुढच्या एक-दोन दिवसांत तो तगतो किंवा जातो. पाणी त्या पट्ट्यासाठी. म्हणून उशीर झाला तरी सोडायचं नाही. तीन तासांच्या आत केव्हाही वीस मिनिटं पाणी मिळालं तरी फायदा होतो. ताई, तुम्ही डॉक्टरांकडे पाऊण तासात पोचला असाल तर तिथल्या बेसिनवरही चाललं असतं.

आणि पाण्याच्याही आधी बांगड्या, अंगठी, घड्याळ काढा. सूज चढली की काही निघत नाही. फोड फोडू नका. चिकटलेला कपडा ओढू नका. नंतर वरून स्वच्छ ओलसर कापड किंवा स्वयंपाकघरातली ती पारदर्शक प्लास्टिकची फिल्म हलक्या हाताने ठेवा, गुंडाळून आवळू नका. हळद, तूप, शाई, पेस्ट काही लावू नका. धग आत कोंडते आणि डॉक्टरला जखम किती खोल आहे तेच दिसत नाही.

कोपरीकरीण
सिस्टर, पाटली कापावी लागली. सोनाराकडे वजन केलं तेव्हा खरं दुखलं.

हिशेबनीस
पाण्याचा हिशेब. नळ पूर्ण सोडायची गरज नाही, करंगळीएवढी धार पुरते. मिनिटाला दोन लिटर धरले तर वीस मिनिटांना ४० लिटर, म्हणजे दोन मोठ्या बादल्या. ज्यांच्याकडे पाणी वेळेवर येतं त्यांच्या घरी पिंप भरलेलंच असतं. दुसऱ्या माणसाने तांब्याने ओतत राहायचं, एवढंच.

सिस्टर, बादलीत हात बुडवून ठेवला तर चालेल का?

जळीत_वॉर्ड_निवृत्त
काहीच नसण्यापेक्षा बरं. पण हाताभोवतीचं पाणी लगेच कोमट होतं, म्हणून वाहतं चांगलं. तांब्याची कल्पना उत्तम. तेवढंही नसेल तर ओली फडकी ठेवायची आणि दर मिनिटाला बदलायची. लहान मूल असेल तर भाजलेल्या जागेवरच पाणी, बाकीचं अंग पांघरुणात. मुलं पटकन गारठतात.

घोडबंदर_टँकर
पिंप?? आमच्याकडे मे महिन्यात टँकर आला की लोक लग्नाची वरात आल्यासारखे खाली धावतात. आणि दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी असं येतं की त्यात चहापत्ती टाकली तर चालेल.

जळीत_वॉर्ड_निवृत्त
माठातलं पाणी मिसळा. १५ अंशांच्या आसपासचं पाणी सर्वांत चांगलं, साधं नळाचंही पुरतं. गरम मात्र नको.

प्रयोगशाळेतला_उंदीर
सिस्टरांनी सांगितलेल्या पट्ट्यांना जॅक्सन नावाच्या ब्रिटिश सर्जनचं नाव आहे. वीस मिनिटांचा आकडाही कुणी हवेतून काढलेला नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये भाजलेल्या २,४९५ मुलांच्या नोंदी तपासल्या, २०२० साली ते प्रसिद्ध झालं. ज्यांना तीन तासांच्या आत पूर्ण वीस मिनिटं वाहतं पाणी मिळालं, त्यांच्यात चामडी बसवायची वेळ येण्याची शक्यता ४० टक्क्यांहून जास्त कमी झाली. एवढा परिणाम देणारं औषध कोणी काढलं असतं तर त्याची किंमत तुम्ही विचारूच नका.

आता बटाटा. काकू अगदीच चुकल्या नाहीत, हे सांगताना भीती वाटतेय. मुंबईतले डॉ. केसवानी यांनी १९८० च्या दशकात भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याची सालं वापरून पाहिली आणि त्यावर शोधनिबंध लिहिला. सालं बँडेजच्या कापडावर चिकटवून निर्जंतुक करायची. साल ओल धरून ठेवते आणि जखमेला चिकटत नाही. पुढे सायन हॉस्पिटलात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान वापरून पाहिलं, ते काम २००३ साली छापून आलं. पानाला नैसर्गिक मेण असतं, त्यामुळे ड्रेसिंग काढताना पेशंट ओरडत नाही. ते बटाट्याइतकंच गुणकारी आणि त्याहून कितीतरी स्वस्त निघालं.

दोन्हीकडे कळीचा शब्द 'निर्जंतुक'. पान ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रातून काढलेलं होतं. काकूंची किसणी नव्हती.

कोपरीकरीण
सासूबाईंना हे मोठ्याने वाचून दाखवलं. त्या म्हणतायत, "बघ, केळीचं पान." 'निर्जंतुक'च्या वेळी टीव्हीचा आवाज वाढला.

खवचट_वांगं
म्हणजे जखमेवर केळीचं पान, वर भाजी-वरण-भात, डाव्या बाजूला मीठ-लिंबू.

दिवाळे_बंदर
माशाच्या कातडीचं खरं आहे का? आम्ही बेलापूरच्या दिवाळ्याचे कोळी. बाबांना सांगितलं तर म्हणाले, आयुष्यभर फेकलं ते विकता आलं असतं.

प्रयोगशाळेतला_उंदीर
खरं आहे. ब्राझीलमध्ये फोर्तालेझाला डॉक्टरांनी तिलापियाच्या कातडीचं ड्रेसिंग केलं. त्या कातडीत कोलॅजन भरपूर असतं आणि ती ओलावा धरते. खवले काढून, ग्लिसरॉलमध्ये मुरवून, गॅमा किरणांनी शुद्ध करून वापरतात. आइसलँडमधली एक कंपनी कॉड माशाच्या कातडीचं ड्रेसिंग विकते. माशांचे विषाणू माणसाला सहसा लागत नाहीत, म्हणून डुक्कर किंवा गाईच्या कातडीपेक्षा शुद्धीकरण सौम्य ठेवता येतं.

दिवाळे_बंदर
तिलापिया म्हणजे चिलापीच की! उजनीची. तिला आमच्याकडे कोणी मासाच मानत नाही. उद्यापासून मानू.

खवचट_वांगं
पापलेटचं लावलं तर डिस्चार्जच्या वेळी बिल बघून परत भरती.

रबाळे_शिफ्ट_बी
एक वेगळी गोष्ट. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात एका कारखान्यात होतो. नाव घेत नाही. कॉस्टिक सोड्याची लाइन गळत होती आणि एका हेल्परच्या मांडीवर ते उडालं. जळल्याची खूण काही नाही, नुसतं बुळबुळीत लागत होतं, म्हणून तो काम करत राहिला. सुपरवायझरने दहा मिनिटांनी पाहिलं आणि कुणीतरी व्हिनेगर आणायला पळालं. आणीबाणीच्या शॉवरसमोर पिंपं रचून ठेवली होती. ती हलवण्यात आणखी वेळ गेला. त्याला तीन ऑपरेशन्स लागली.

सिस्टर, अशा वेळीही वीस मिनिटंच का?

जळीत_वॉर्ड_निवृत्त
नाही. रसायनाला वीस मिनिटं फार कमी, तास-तासभर धुवावं लागतं, कॉस्टिकला त्याहूनही जास्त. ॲसिड वरच्या थराला गोठवतं, त्यामुळे पुष्कळदा तिथेच अडतं. कॉस्टिक कातडीतल्या चरबीचा साबण करत आत शिरत जातं, बुळबुळीत लागतं ते त्यामुळेच. व्हिनेगर वगैरे टाकून मारामारी लावायची नाही, त्यातून आणखी उष्णता निघते. कपडे आधी उतरवायचे, लाज बाजूला ठेवायची. कोरडी पावडर असेल, चुना वगैरे, तर आधी झटकायची आणि मग पाणी.

लोकल_नऊ_शून्य_तीन
अवांतर आहे, पण त्वचेचा धागा निघालाय म्हणून विचारतो. पावसाळ्यात लोकलमध्ये ओले कपडे घालून दीड तास उभा राहतो. जांघेत नायटा झालाय, चार महिने जात नाही. केमिस्टने दिलेल्या ट्यूबने आठवड्यात गेला आणि पुन्हा दुप्पट आला.

तलावपाळी_कट्टा
आला, धाग्याचा काश्मीर करायला आला.

प्रयोगशाळेतला_उंदीर
असू दे, महत्त्वाचं आहे. त्या ट्यूबवर बहुधा तीन-चार नावं असतील आणि त्यातलं एक क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन. ते स्टिरॉइड. खाज थांबते, लाली जाते, बुरशी मात्र मजेत वाढते. आपल्याकडे गेल्या दहा-बारा वर्षांत हट्टी नायट्याची जी साथ आहे तिच्यामागची बुरशी वेगळी जात म्हणून २०२० साली जपानी संशोधकांनी नोंदवली, तीही जपानमधल्या भारतीय आणि नेपाळी रुग्णांकडून. नाव ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. त्यातल्या पुष्कळ बुरशांवर टर्बिनाफिन हे बुरशीवरचं नेहमीचं औषध चालत नाही, कारण ते औषध ज्या एन्झाइमला धरतं त्याचाच जनुक बदललाय. ट्यूब बंद करा आणि त्वचेच्या डॉक्टरला दाखवा. घरात आणखी कोणाला असेल तर त्यांनाही बरोबर न्या, नाहीतर टॉवेलवरून परत तुमच्याकडे.

लोकल_नऊ_शून्य_तीन
ट्यूब बघितली. चार नावं आहेत. आणि बायको धागा वाचतेय.

कोपरीकरीण
माझं पांढरं मलम राहिलं!

प्रयोगशाळेतला_उंदीर
सिल्व्हर सल्फाडायझिन. अमेरिकेत चार्ल्स फॉक्स यांनी १९६८ मध्ये आणलं. तेव्हा जंतुसंसर्गाने माणसं पटापट जायची, त्यामुळे ते वरदानच होतं. पण वरवरच्या आणि मध्यम खोलीच्या भाजण्यावर जेव्हा बाकीच्या ड्रेसिंगशी तुलना झाली, तेव्हा जखम भरायला याने वेळ लागतो असं दिसत गेलं. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासतात तो) हे स्पष्ट आहे. रोज धुऊन पुन्हा लावायचं, त्यात नवी कोवळी पेशीही निघते. वर एक पिवळट थर जमतो, खालचं काही दिसत नाही.

जळीत_वॉर्ड_निवृत्त
उंदीरभाऊ, आढावा मीही ऐकलाय. पण ६० टक्के भाजलेली बाई, नवरा नाक्यावर रोजंदारीवर, आणि सिलिकॉनच्या ड्रेसिंगच्या एका तुकड्याला जेवढे पैसे पडतात त्यात मलमाचा डबा येतो. तिथे काय लावायचं? खोल जखमेत जंतू वाढण्यापेक्षा चार दिवस उशिरा भरलेली परवडते. ड्रेसिंग करणाऱ्याला आणि पेपर लिहिणाऱ्याला वेगवेगळं दिसतं.

ताईंच्या हातासारख्या छोट्या भाजण्याला मात्र तुमचं बरोबर आहे. न चिकटणारं ड्रेसिंग तीन-चार दिवस तसंच ठेवलेलं चांगलं. पण ताई, मनाने बदलू नका, डॉक्टरांनाच विचारा.

प्रयोगशाळेतला_उंदीर
मान्य, मोठ्या जखमेचा मुद्दा माझ्या लक्षात नव्हता.

अनामिक_ऐरोली
अननसाचं औषध निघालंय म्हणे?

प्रयोगशाळेतला_उंदीर
अननसाच्या खोडातून काढलेल्या ब्रोमेलेन एन्झाइमांचं जेल. युरोपात २०१२ ला, अमेरिकेत २०२२ च्या डिसेंबरात मंजूर झालं. चार तास लावून ठेवलं की मेलेली कातडी विरघळते आणि जिवंत शाबूत राहते. सर्जनच्या सुरीपेक्षा नेमकं आणि रक्तस्राव कमी. घरी अननसाची फोड घासायची नाही, हे आधीच सांगतो, वांगं येईल म्हणून.

खवचट_वांगं
मी शिरा करायच्या तयारीत होतो.

घणसोली_गाववाला
एवढं सगळं पाहून वाटतं, मोठ्या भाजण्यात शेवटी माणसाचीच कातडी लागते. गेल्या वर्षी माझे वडील गेले. त्यांनी आधी सांगून ठेवलं होतं, डोळे आणि कातडी दोन्ही द्या. डोळ्यांना कोणी हरकत घेतली नाही. कातडी म्हटल्यावर आत्या उठून उभी राहिली. "सोलणार का माझ्या भावाला?"

रात्री दीडला टीम आली. आम्ही दार लावून बाहेर बसलो. पाऊण तासात झालं. आत्या पहिली आत गेली आणि चादर बाजूला केली. मांड्या आणि पाठ पांढऱ्या बँडेजमध्ये, चेहरा, हात जसेच्या तसे. रक्त नाही. तिने चादर नीट केली आणि म्हणाली, "चहा टाक त्यांना." सकाळी अंत्यविधी ठरल्या वेळी झाला.

तलावपाळी_कट्टा
🙏

जळीत_वॉर्ड_निवृत्त
सोलत नाहीत हो. बटाट्याच्या सालीहून पातळ थर घेतात, कातडीच्या जाडीचा आठवा हिस्सा साधारण. आपल्याकडे सायनला २००० साली डॉ. गोरेंनीच स्किन बँक उभी केली. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत घ्यावी लागते, टीम घरी येते. ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये फ्रीजच्या तापमानाला पाच वर्षं टिकते. रक्तगट जुळवायची गरज नाही. एचआयव्ही, कावीळ बी किंवा सी, अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग, कातडीचा कर्करोग असेल तर घेत नाहीत.

हिशेबनीस
रक्तगट न जुळवता कशी बसते? किडनीला तर सतरा तपासण्या.

प्रयोगशाळेतला_उंदीर
बसत नाहीच. दोन-तीन आठवड्यांत शरीर फेकून देतं. तोपर्यंत ती जिवंत ड्रेसिंगचं काम करते. पाणी, प्रथिनं झिरपायची थांबतात, जंतू आत येत नाहीत, वेदना कमी होतात आणि पेशंटच्या स्वतःच्या उरलेल्या कातडीतून पट्ट्या काढायला सर्जनला वेळ मिळतो.

आणि शरीर दुसऱ्याचं का फेकतं, ही गोष्टही जळीत वॉर्डातूनच कळली. दुसऱ्या महायुद्धात पीटर मेडावर ग्लासगोला एका भाजलेल्या बाईवर काम करत होता, गिब्सन नावाच्या सर्जनबरोबर. तिच्या भावाच्या कातडीचे छोटे तुकडे तिला लावले. ते गळून पडले. परत लावले, तर ते पहिल्यापेक्षा लवकर गळले. म्हणजे शरीराने पहिल्या खेपेची आठवण ठेवली होती. १९४३ साली त्यांनी हे छापलं, १९६० ला मेडावरला नोबेल मिळालं. आज किडनी बसते, त्याची सुरुवात तिथली.

स्वतःचीच कातडी वाढवायचं तंत्रही आता जुनं. १९७५ मध्ये राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी माणसाच्या कातडीच्या पेशी बशीत वाढवल्या. टपाल तिकिटाएवढ्या तुकड्यापासून काही आठवड्यांत चादर तयार होते. पर्थच्या फिओना वूड यांनी तर पेशींचा फवारा केला, २००२ च्या बाली स्फोटातल्या जखमींवर तो वापरला. पण माझ्या मते सगळ्यांत थक्क करणारं जर्मनीतल्या बोखुमचं. सात वर्षांचा सीरियन निर्वासित मुलगा, जन्मजात दोषामुळे हात लावला तरी कातडी सुटायची. इटलीच्या मिकेले दे लुका यांच्या गटाने त्याच्याच पेशी घेतल्या, बिघडलेला जनुक दुरुस्त केला, कातडी वाढवली आणि अंगाच्या ८० टक्के भागावर बसवली. २०१७ साली त्यांनी हे जाहीर केलं तेव्हा मुलगा शाळेत जात होता, फुटबॉल खेळत होता.

अनामिक_ऐरोली
मग दान कशाला, सगळ्यांची बशीतच वाढवा ना.

जळीत_वॉर्ड_निवृत्त
त्या काही आठवड्यांत पेशंटला जिवंत ठेवायला काय लावणार? आणि खर्च कोण देणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने भारतात वर्षाला दहा लाखांवर माणसं मध्यम किंवा गंभीर भाजतात. बश्या किती आणाल? फ्रीजमध्ये कातडी नाही म्हणून पेशंटच्या नातेवाइकांकडे बघत उभी राहिलेली मी आहे. तुम्ही नाही.

अनामिक_ऐरोली
सॉरी सिस्टर. टोमणा नव्हता, खरंच प्रश्न होता.

जळीत_वॉर्ड_निवृत्त
मग ठीक. माझाही आवाज चढला.

कोपरीकरीण
अपडेट. अकरावा दिवस. ड्रेसिंग बदलून न चिकटणारं दिलं, डॉक्टरांनी लगेच मान्य केलं. मनगटाजवळचं सगळं भरलंय, गुलाबी आहे. उन्हात हात झाकून ठेवायला सांगितलंय. कोपराकडचा एक रुपयाएवढा डाग अजून ओला.

मोरीत आता दोन बादल्या कायम भरलेल्या. नातवाने त्यावर खडूने लिहिलंय, 'आजीने हात लावू नये'.

आजी म्हणजे माझ्या सासूबाई. रोज रात्री धागा वाचून घेतात. घणसोलीवाल्यांचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. आता विचारतायत, कातडी द्यायला वयाची अट आहे का? ७८ आहेत. मधुमेह आहे.

जळीत_वॉर्ड_निवृत्त
अठराच्या वर हवं, वरची मर्यादा नाही. मधुमेह चालतो. फॉर्म भरला नसला तरी मागे राहिलेल्यांनी हो म्हटलं की पुरतं, त्यामुळे घरात सगळ्यांच्या कानावर घाला. एकच अडचण नेहमी येते. टीमला मृत्यूचा दाखला लागतो आणि घड्याळ सहा तासांचं असतं. फॅमिली डॉक्टर रात्री येणारा हवा.

कोपरीकरीण
आमचे तर नऊनंतर फोनच उचलत नाहीत.

सासूबाई म्हणतायत, मग मी दिवसा जाईन.